झोन तीन

रात्री दोन वाजता भोंगा वाजला की आमच्या बिल्डिंगमध्ये कुणी पळत नाही. आधी सगळे हुंगतात. अंथरुणात उठून बसायचं, नाक वर करायचं आणि अंधारात वास घ्यायचा. काही जळत नाहीये अशी नाकाची खात्री पटली की गॅलरीत यायचं आणि बाकीच्यांचे दिवे लागलेत का ते बघायचं. लागले असतील तर आपलाही लावायचा. नसतील तर परत जाऊन पडायचं, कारण एकटेच घाबरलात असं उद्या जिन्यात कुणी म्हणायला नको. आगीत होरपळण्यापेक्षा चारचौघांत हसं होणं नौपाड्यात जास्त वाईट समजतात.

माझा नवरा यातलं काहीच करत नाही, कारण तो झोपलेला असतो. भोंगा आमच्या दारापासून सात-आठ फुटांवर आहे. तो वाजला की शोकेसमधल्या काचा थरथरतात, खालच्या गल्लीतली कुत्री रडायला लागतात, पण हा कूस बदलत नाही. आणि हाच माणूस, मी रात्री साडेअकराला चोरपावलांनी जाऊन फ्रिज उघडला की आतल्या खोलीतून विचारतो, "काय गं, श्रीखंड उरलंय का?"

आमची बिल्डिंग १९८४ सालची. ठाण्यात नौपाड्यात अशा बिल्डिंगा अजून बऱ्याच आहेत. तळमजला अधिक तीन मजले, लिफ्ट नाही, मोझेइकचा जिना आणि कठड्याला दर गणपतीत लावलेल्या हिरव्या ऑइलपेंटचे थर. एका मजल्यावर चार अशी बारा बिऱ्हाडं. तळाला एक दाताचा दवाखाना आणि एक पोळीभाजी केंद्र. उंची पंधरा मीटरच्या आत, त्यामुळे उंच इमारतींचे नियम आम्हाला कधी कुणी विचारले नाहीत. आगीची तयारी म्हणून जिन्याखाली वाळूच्या दोन लाल बादल्या टांगलेल्या होत्या. त्यातली एक कुणीतरी खाली उतरवली होती आणि गल्लीतल्या मांजरीने तिचा वेगळाच उपयोग चालवला होता, आणि तो बघता आग लागली तरी त्या बादलीला हात कुणी लावला नसता.

मग पहिल्या मजल्यावर क्लास आला. एक आणि दोन नंबर असे दोन फ्लॅट एकत्र करून दहावी-बारावीचा क्लास. तेव्हाच, मे २०१९ मध्ये, सुरतेला शिकवणीच्या वर्गाला आग लागली आणि बावीस मुलं गेली. वरच्या मजल्यावरून उड्या मारणारी पोरं टीव्हीवर सगळ्यांनी पाहिली होती. त्या आठवड्यात आमच्या जिन्यातून क्लासची मुलं दप्तरं घेऊन वर जायला लागली की सहा नंबरच्या काकू दारात येऊन उभ्या राहत, काही न बोलता. पुढे ठिकठिकाणी क्लासवाल्यांना आगीच्या बंदोबस्ताबद्दल नोटिसा गेल्या, आमच्याकडेही आली. निम्मा खर्च क्लासने आणि निम्मा सोसायटीने करायचा असं ठरलं, आणि डिसेंबरात जिन्यातून लाल रंगाच्या वायरी, प्रत्येक मजल्यावर छतालगत दोन पांढऱ्या वाट्या, एक भोंगा, काचेमागे दडलेलं एक बटण आणि तळमजल्यावर मीटरच्या पेटीशेजारी एक लाल पत्र्याचं कपाट, असं सगळं बसलं. त्या कपाटाला पॅनेल म्हणायचं असं आम्हाला सांगण्यात आलं.

तीन महिन्यांनी लॉकडाऊन लागला. क्लास ऑनलाइन गेला तो गेलाच. भोंगा राहिला.

मी २०२२ साली सेक्रेटरी झाले. कशी झाले ते सांगत नाही. ज्या वार्षिक सभेला मी भाचीच्या साखरपुड्यामुळे गेले नव्हते तिथे झाले एवढं पुरे. आधीच्या सेक्रेटरींनी मला तीन गोष्टी सुपूर्द केल्या. वह्यांचा गठ्ठा, सोसायटीचा रबरी शिक्का आणि पॅनेलची चावी. चावी देताना ते म्हणाले, "ही जवळ ठेवा. म्हणजे, उशाशी." त्यांच्या चेहऱ्यावर मुलीला सासरी पाठवल्याचं समाधान होतं.

पॅनेलची भाषा सोपी असते. हिरवा दिवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे फॉल्ट, लाल म्हणजे आग. त्याखाली झोन एक, दोन, तीन, चार असे चार छोटे दिवे. आग कुठे आहे ते पॅनेल सांगत नाही, फक्त झोन सांगतं. पुढचं तुम्ही बघा. म्हणजे एखाद्या लांबच्या आत्याने फोन करून "तुमच्या घराण्यात कुणाचं तरी काहीतरी चाललंय" एवढंच सांगावं आणि फोन ठेवावा, तसं.

आमच्याकडे दरवेळी झोन तीन पेटायचा. झोन तीन म्हणजे तिसरा मजला, हे कुणी कुणाला सांगायची गरज नव्हती. त्यामुळे भोंगा वाजला की सगळी बिल्डिंग तिसऱ्या मजल्याकडे बघायची, आणि तिसऱ्या मजल्यावर दहा नंबरात मी राहते. दीड वर्ष मी आरोपीच्या पिंजऱ्यात होते. माझ्या फोडण्या गाजल्या. "जरा मोहरी कमी तडतडवत जा हो," असं मला पाच नंबरच्यांनी गॅसच्या सिलिंडरवाल्यासमोर सांगितलं. मी एक्झॉस्ट फॅन बदलला. मिरच्या परतायच्या सोडल्या. एकदा तर मी पापड मायक्रोवेव्हमध्ये भाजले, यावरून काय ते समजा.

पुढे टेक्निशियन आला तेव्हा मी त्याला माझं गाऱ्हाणं सांगितलं. त्याने डायरीत बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, झोन वन म्हणजे ग्राउंड. तीन म्हणजे सेकंड फ्लोअर. तुम्ही चारमध्ये आहात. तुमचा झोन एकदाही आलेला नाहीये."

मी त्याला चहा दिला. दुसरा दिला. आणि मग ती डायरी घेऊन एक मजला उतरून सहा नंबरची बेल दाबली.

सहा नंबरच्या काकू मूळच्या कोल्हापूरकडच्या. त्यांच्याकडे मिरच्या तव्यावर काळ्या पडेपर्यंत भाजून खर्डा होतो, सुकट भाजली जाते, आणि हे सगळं पुढचं दार उघडं ठेवून, कारण "वारं खेळायला पाहिजे". ते वारं त्यांच्या स्वयंपाकघरातून निघून थेट छतालगतच्या पांढऱ्या वाटीपाशी खेळायला जातं. मी डायरी दाखवली. काकूंनी ती चष्मा लावून वाचली, परत दिली आणि म्हणाल्या, "म्हणजे आमचा खर्डा पोचतो तिथवर. बरं झालं, मला वाटलं अलीकडच्या मिरच्यांत दम नाही राहिला."

त्यांची स्वतःची वेगळीच तक्रार होती. भोंग्याच्या नादात कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहतात आणि डाळीचा गिचका होतो.

दुसऱ्या मजल्यावरचे बाकीचेही काही कमी नाहीत. सात नंबरचे सकाळ-संध्याकाळ अग्निहोत्र करतात, गोवऱ्या आणि तूप, सूर्योदयाच्या मिनिटाला. सूर्योदयाची वेळ रोज थोडी सरकते, त्यामुळे भोंग्याचीही सरकायची. आठ नंबरचा मुलगा जिन्याच्या वळणावर उभा राहून सिगरेट ओढायचा. आईला जे दोन वर्षं कळलं नव्हतं ते डिटेक्टरने दोन मिनिटांत साऱ्या गल्लीला सांगितलं. त्या बिचाऱ्याला मी नंतर एक गोष्ट सांगितली होती, समजूत म्हणून. स्वित्झर्लंडमध्ये १९३०च्या दशकात वॉल्टर येगर नावाचा एक शास्त्रज्ञ विषारी वायू ओळखणारं यंत्र बनवत होता. वायू काही केल्या ओळखता येईना. शेवटी वैतागून त्याने सिगरेट पेटवली, आणि यंत्राचा काटा हलला. धूर ओळखणाऱ्या यंत्राची सुरुवात तिथून झाली अशी कथा सांगतात. मुलाने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काकू, म्हणजे हे सगळं आमच्यासाठीच बनवलंय."

आमच्या वाट्या मात्र त्या जातीच्या नव्हेत. टेक्निशियनने एक उघडून दाखवली. आत नखाएवढी काळी खोली. एका कोपऱ्यात बारीक दिवा, दुसऱ्या कोपऱ्यात उजेड टिपणारा डोळा, आणि दोघं एकमेकांना थेट दिसू नयेत अशी मध्ये आडभिंत. हवा स्वच्छ असेल तर दिव्याचा उजेड डोळ्यापर्यंत पोचतच नाही. धूर शिरला की कणांवर आपटून उजेड विखुरतो, थोडा डोळ्यात जातो आणि डोळा बोंब मारतो. फार हुशारीची योजना आहे. फक्त त्या डोळ्याला धूर आणि धूळ यांतला एका अक्षराचा फरक कळत नाही. वाफ, कोळी, कोळ्याचं जाळं, भिंत घासताना उडालेला चुना, सगळं त्याला सारखंच. पावसाळ्यात महापालिकेची डासांची धूरफवारणी गल्लीत आली की आमचे खालचे तिन्ही झोन एकदम लाल होतात. त्या संध्याकाळी पॅनेलकडे बघितलं तर लंका पेटल्यासारखं वाटतं, आणि गल्लीत एक माणूस मशीन खांद्याला लावून निवांत चाललेला असतो.

टेक्निशियनची परीक्षा घ्यायची पद्धतही बघण्यासारखी होती. शिडीवर चढून त्याने खिशातून उदबत्ती काढली, पेटवली आणि वाटीखाली गोल गोल फिरवायला लागला. सात नंबरच्या वहिनींनी दारातूनच हात जोडले. एक मिनिट गेलं, दोन गेली. ज्या वाटीला खर्ड्याने ठसका लागत होता ती उदबत्तीला ढिम्म. "चंदन आहे, मॅडम," तो म्हणाला, "याला कधीकधी लागत नाही." मग त्याने दुसरी, मोगऱ्याची लावली.

असा तो जानेवारीत आणि जुलैत यायचा. त्याने यावं अशी कायद्याची इच्छा आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६, असं त्याचं पूर्ण नाव. मी सेक्रेटरी झाल्यावर ते तोंडपाठ केलं, कारण सभेत ते एका दमात म्हटलं की दोन मिनिटं शांतता पसरते. त्याप्रमाणे वर्षातून दोनदा परवानाधारक एजन्सीने यंत्रणा तपासून बी फॉर्म द्यायचा असतो. मी एकदा विचारलं, "पण हे चालतं का?" त्यावर टेक्निशियन दुखावल्यासारखा म्हणाला, "मॅडम, सर्टिफिकेट देतोय ना."

पिवळा दिवा तोवर दोन वर्षं अखंड लागलेला होता. तळमजल्याच्या जिन्यातला बल्ब गेला तेव्हा तो नवा लावायची गरज कुणाला वाटली नाही, कारण फॉल्टच्या उजेडात पायऱ्या बऱ्या दिसायच्या. शिवाय पॅनेलच्या पोटातल्या बॅटऱ्या मेल्या होत्या. बारा व्होल्टच्या दोन असतात, लाइट गेली तरी भोंगा जिवंत राहावा म्हणून. त्या मेल्यामुळे पॅनेल दर काही सेकंदांनी "टीक" करायचं. फार मोठ्याने नाही. पोळीभाजीच्या दुकानात उभं राहिलं की पोळ्या मोजणाऱ्या बाईच्या बोलण्यात ते मिसळून जायचं. "सोळा, टीक, सतरा, टीक." तिने एकदा मला विचारलं, "हे बंद झालं तर मोजताना चुकायला होईल का हो?"

बॅटऱ्यांचा विषय मी तीन सभांमध्ये काढला. खर्च दोन-अडीच हजार. पहिल्या सभेत चार नंबरचे म्हणाले, "रीडेव्हलपमेंटमध्ये सगळं नवीनच मिळणार आहे." आमच्याकडे रीडेव्हलपमेंट २०११ पासून पुढच्या दिवाळीत होणार आहे. तिच्या भरवशावर आम्ही गच्चीचं वॉटरप्रूफिंग केलं नाही, पाण्याच्या टाकीचं झाकण घेतलं नाही, आणि बारा नंबरच्यांनी तर मुलाचं लग्नसुद्धा दोन वर्षं लांबवलं, नव्या फ्लॅटमध्ये एक खोली जास्त मिळेल म्हणून. दुसऱ्या सभेत पाच नंबरच्यांनी सुचवलं की भोंग्याऐवजी मंजूळ आवाजाची काहीतरी धून लावता आली तर बघा. तिसऱ्या सभेला कोरमच भरला नाही. तेरा सभासद, नऊ जण लागतात, आलो चौघं. नियमाप्रमाणे सभा अर्धा तास तहकूब केली. अर्ध्या तासाने आम्ही तिघं उरलो होतो, कारण चौथे गॅसवर दूध ठेवून आले होते.

आता नानांबद्दल.

नाना अकरा नंबरात राहतात, माझ्या शेजारी. वय एकोणनव्वद. पहिल्यांदा रात्रीचा भोंगा वाजला तेव्हा आम्ही सगळे आपापल्या गॅलऱ्यांत उभं राहून एकमेकांना "कुणाकडे? कुणाकडे?" असं ओरडून विचारत होतो. खालून कुणीतरी खाकरलं. बघतो तर नाना फाटकाशी उभे. स्वेटर, कानटोपी, पायात चपला, हातात कापडी पिशवी. तीन जिने उतरून ते केव्हाच खाली पोचले होते आणि मान वर करून आमच्याकडे बघत होते, जसं कुणी जत्रेतल्या पाळण्यात बसलेल्यांकडे बघतं.

"तुम्ही वर काय करताय?" त्यांनी विचारलं. ओरडून नाही. खरंच कळत नव्हतं म्हणून.

त्या पिशवीत काय असतं ते मी नंतर पाहिलं. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, पेन्शनचं पुस्तक, जास्तीचा चष्मा, टॉर्च, कवळीची डबी, एक पार्ले-जीचा पुडा आणि त्यांच्या बायकोचा एक फोटो, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून रबर लावलेला. पिशवी कायम दारामागच्या खुंटीला.

नाना गिरगावातल्या चाळीत वाढलेले. १४ एप्रिल १९४४ला ते आठ वर्षांचे होते. त्या दुपारी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन नावाच्या जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गाठी होत्या, दारूगोळा होता, सोन्याच्या विटासुद्धा होत्या. चारच्या सुमाराला पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. आग विझवायला गेलेले बंबवाले साठावर गेले. त्यांच्या आठवणीसाठी त्या तारखेला अजूनही अग्निशमन सेवा दिन पाळतात. नाना मात्र यातलं फारसं सांगत नाहीत. ते एवढंच सांगतात, "पहिला आवाज झाला तेव्हा अख्खी चाळ गॅलरीत आली. धूर बघायला. आई मला कडेवर घेऊन दाखवत होती, तो बघ, तो बघ. खाली कुणीच उतरलं नाही. मग दुसरा झाला." इथे ते थांबतात आणि पायातली चप्पल नीट करतात.

तर नाना दरवेळी खाली. खर्ड्याला खाली, अग्निहोत्राला खाली, डासांच्या धुराला खाली. मी एकदा म्हटलं, "नाना, हा खोटा असतो हो. तुम्ही कशाला त्रास घेता?" ते म्हणाले, "खोटा आहे हे खाली आल्यावर कळतं ना? मग झालं."

आता एकोणनव्वद वर्षांचा माणूस मध्यरात्री फाटकाशी एकटा उभा आहे आणि आपण वरून बघतोय, हे किती वेळा चालणार? आठ नंबरचा मुलगा आधी उतरायला लागला, नानांचा हात धरायला. तसाही तो त्या वेळी जिन्यातच असायचा. मग पाच नंबरच्यांनी नानांना बसायला प्लास्टिकची खुर्ची आणली. नानांना साखरेचा त्रास, त्यामुळे फार वेळ रिकाम्या पोटी नको म्हणून सहा नंबरच्या काकू थर्मासमधून चहा आणायला लागल्या. काकू आल्या म्हणजे गप्पा आल्या, गप्पा आल्या म्हणजे सात नंबरच्या वहिनी आल्या. बारा नंबरच्यांना आपल्याबद्दल काही बोलणं चाललंय का याची काळजी वाटायची, म्हणून ते आले. सहा-आठ महिन्यांत असं झालं की भोंगा वाजला की सगळी बिल्डिंग नानांना सोबत म्हणून खाली. आगीचं कुणाच्या डोक्यातही नसायचं. नाना मात्र खुर्चीत बसून मनगटावरच्या घड्याळात बघत असायचे आणि शेवटचा माणूस फाटकातून बाहेर आला की पुटपुटायचे, "सहा मिनिटं चाळीस."

गेल्या नोव्हेंबरातल्या एका रात्री, अडीच वाजता, शाली गुंडाळून आम्ही असेच उभे होतो. झोन तीन. काकूंनी शपथेवर सांगितलं की गॅस साडेनऊपासून बंद आहे. आठ नंबरच्या मुलाने हात हुंगायला दिले. सात नंबरचे म्हणाले, सूर्योदयाला अजून चार तास आहेत. चहा फिरला. मी सहज माणसं मोजली. क्लासच्या फ्लॅटचा मालक पुण्याला, दवाखाना आणि पोळीभाजीवाले रात्री आपापल्या घरी, ते सोडून उरलेले दहाच्या दहा सभासद माझ्यासमोर होते. दहा! चाळीस वर्षांत कुठल्या सभेला एवढा कोरम भरलेला वह्यांत सापडत नाही.

"बॅटऱ्यांचा विषय घेऊ का?" मी म्हटलं.

थंडी होती. सगळ्यांना वर जायची घाई होती. भोंगा एव्हाना मी बंद केला होता, पण तो पुन्हा कधी वाजेल सांगता येत नव्हतं. दोन मिनिटांत बॅटऱ्या मंजूर झाल्या, डिटेक्टर साफ करणं मंजूर झालं, जिन्यातला बल्ब मंजूर झाला आणि कुणीतरी घाईघाईत टाकीचं झाकणही मंजूर करून टाकलं. चार नंबरच्यांनी रीडेव्हलपमेंटचा 'री' उच्चारला तेव्हा बारा नंबरच्यांच्या सूनबाई, ज्यांचं लग्न शेवटी जुन्याच फ्लॅटमध्ये झालं होतं, त्यांनी त्यांच्याकडे असं काही पाहिलं की पुढचं अक्षर आलंच नाही.

इतिवृत्त लिहिताना माझी पंचाईत झाली. वार्षिक सभेला चौदा दिवस आधी सूचना द्यावी लागते. मी बराच विचार करून 'सूचनेचा प्रकार' या रकान्यात 'ध्वनिक्षेपकाद्वारे' असं लिहिलं. 'स्थळ : फाटक.' ऑडिटरने त्यावर अजून काही विचारलेलं नाही.

बॅटऱ्या बदलायला टेक्निशियनने पॅनेल उघडलं आणि तो दोन पावलं मागे सरला. आत पाल होती. वाळलेली, पापडासारखी, झोन तीनच्या दोन टर्मिनलांवर आडवी. शेजारी दोन पांढरी अंडी. त्याने पक्कडीने ती उचलून उजेडात धरली आणि खुलासा केला. पिवळ्या दिव्यावर किडे येत होते, किड्यांवर पाल येत होती, आतल्या उबेला मुक्काम करत होती. रात्री कधीतरी तिचं अंग त्या दोन स्क्रूंना लागलं की पॅनेलला वाटायचं, दुसऱ्या मजल्यावर आग लागली. शेवटी ती तिथेच संपली, तीच ती अडीचची रात्र असणार. शंकेची पाल मी आजवर मनात चुकचुकलेली ऐकली होती. सर्किटवर चिकटलेली पहिल्यांदाच पाहिली.

सात नंबरच्यांनी वर जाऊन पंचांग आणलं. त्यात पाल अंगावर कुठे पडली तर काय फळ मिळतं ते सविस्तर दिलेलं असतं. मस्तकावर, खांद्यावर, डाव्या हातावर. झोन तीनवर पडल्याचं दिलेलं नव्हतं. सहा नंबरच्या काकू मात्र पालीकडे बराच वेळ बघत राहिल्या. "आणि नाव माझ्या खर्ड्याचं," त्या म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी मला डब्यातून खर्डा पाठवला. मी त्याचा अर्थ काय घ्यायचा ते अजून ठरवलेलं नाही.

नवीन बॅटऱ्या बसल्या. वाट्या साफ झाल्या. काकूंच्या दाराजवळची वाटी दोन हात पलीकडे सरकवली. पिवळा दिवा विझला आणि पहिल्या रात्री तळमजल्याच्या पायरीवर चार नंबरचे घसरले, कारण मंजूर झालेला बल्ब आणायचं काम त्यांच्याकडेच होतं. "टीक" बंद झाल्यावर पोळीभाजीवाल्या बाईने एका गिऱ्हाईकाला वीसऐवजी बावीस पोळ्या दिल्या. आणि भोंगा गप्प झाला. डिसेंबर गेला, जानेवारी गेला. पांढऱ्या वाट्या छताला गुण्यागोविंदाने बसून होत्या.

फेब्रुवारीत एके दिवशी नानांनी मला जिन्यात गाठलं. "काय हो सेक्रेटरीबाई, मेला का तो?"

"नाही नाना, आता नीट झालाय."

"नीट झालाय हे कशावरून?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. बी फॉर्म होता, पण नानांना तो दाखवायचा धीर झाला नाही.

"एकदा वाजवून बघा," ते म्हणाले. "कुणाला सांगू नका. मी आधी जाऊन बसतो."

रविवारी दुपारी तीनची वेळ आम्ही दोघांनी मिळून काढली. नौपाड्यात रविवारी दुपारी तीनला माणूस जेवढा झोपलेला असतो तेवढा रात्री दोनलाही नसतो. नाना पावणेतीनला पिशवी घेऊन उतरले, त्यांनी आपली खुर्ची आपणच फाटकाशी लावली आणि घड्याळ काढून मांडीवर ठेवलं. मी पहिल्या मजल्यावर काचेमागच्या बटणापाशी गेले. आयुष्यात पहिल्यांदा ती काच दाबायची होती आणि आजूबाजूला कुणी नसताना मला उगाच लाजल्यासारखं झालं. दाबली.

भोंगा वाजला आणि मी खाली पळाले. पाठोपाठ दारं उघडल्याचे आवाज. सहा नंबरच्या काकू थर्मास घेऊन आल्या. थर्मास भरलेला होता, याचा अर्थ तो कायम भरलेलाच असतो की काय, हे विचारायचं राहिलं. आठ नंबरचा मुलगा नानांना आणायला उलटा वर धावला आणि ते खालीच आहेत हे कळल्यावर कुरकुरत आला. सात नंबरचे सोवळ्यात, बारा नंबरच्यांच्या सूनबाई केसांना तेल लावलेल्या, चार नंबरचे एका हातात बल्बचं खोकं घेऊन. कुणी हुंगलं नाही, कुणी गॅलरीत थांबलं नाही.

"तीन मिनिटं पन्नास," नाना म्हणाले. मग त्यांनी बोट हवेत फिरवत माणसं मोजली. परत मोजली. "एक कमी आहे."

सगळ्यांनी आपापल्या घरची माणसं चाचपली आणि मग हळूहळू सगळ्यांच्या माना वर गेल्या, तिसऱ्या मजल्याकडे, दहा नंबरच्या खिडकीकडे. पडदा हलत नव्हता. भोंगा वाजत होता. गल्लीतली कुत्री रडत होती.

मी आठ नंबरच्या मुलाला घराची चावी दिली. "बेल वाजवू नकोस," म्हटलं, "हाका मारू नकोस. नुसता आत जा आणि फ्रिज उघड."